खिडकीवरचे तिकीट, खांबाआडचे तिकीट

'तिकीट' हा शब्द मूळचा आपला नव्हे, हे पटवून द्यायला आता कोशच उघडावा लागेल. आपण तो इतका घरचा करून टाकला आहे की त्याचे अनेकवचन मराठी, सामान्यरूप मराठी आणि त्याच्या भोवती गोळा झालेली क्रियापदेही मराठी. मंडळी नाटकाला तिकीट लावतात, प्रेक्षक तिकीट काढतो, दारावरचा माणूस ते फाडतो. आमच्या नगर जिल्ह्यात तर (सरकारदरबारी २०२४ पासून आम्ही अहिल्यानगरकर झालो, पण जीभ अजून जुन्या वळणाने जाते) तिकीट म्हटले की माणसाला आधी निवडणूकच आठवते. अमक्याला तिकीट मिळाले, तमक्याचे कापले, यावर आमच्या पारावर जितक्या रात्री जागल्या गेल्या तितक्या कोणत्याही वगावर जागल्या गेल्या नसतील. त्या तिकिटाचा इतिहास लिहायला निधडी छाती हवी. मी पडलो शाळामास्तर. मी लिहिणार आहे ते गाण्याच्या, नाटकाच्या आणि तमाशाच्या तिकिटाविषयी.

हे तिकीट दोन ठिकाणी मिळते. एक खिडकीवर आणि दुसरे खांबाआड. खिडकीवर दर लिहिलेला असतो. खांबाआड तो विकणाऱ्याच्या डोळ्यांत असतो आणि तुमची बायकामुले बरोबर आहेत की नाहीत हे पाहून तो वरखाली होतो. हल्ली खिडकी आणि खांब दोन्ही आपल्या हातातल्या फोनमध्ये येऊन बसले आहेत, इतकाच काय तो फरक.

तिकीट नव्हते तेव्हा आपली माणसे करमणुकीला मुकत होती असे मुळीच नाही. कीर्तन होते, भारूड होते, लळित होते. आरतीचे तबक फिरे, त्यात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. ज्याच्यापाशी काही नसे त्याने तबकाला नुसता हात लावून तो कपाळाला लावला तरी चालत असे. तमाशाचा मामला जरा वेगळा. तिथे दौलतजादा होती. लावणीवर खूष झालेला रसिक नोट पुढे धरी, नाचणारी ती घेऊन त्याला मुजरा करी आणि तो पैसा कोणाचा हे भर सभेत पुकारले जाई. मग दुसऱ्या कोणाच्या मिशीला पीळ पडे. तोही खिशात हात घाली. दौलतजादा म्हणजे कलेची किंमत बघणाऱ्याच्या हौसेने, पुष्कळदा त्याच्या अहंकाराने, ठरवण्याची रीत. ती रीत चांगली होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात कलावतीच्या वाट्याला आलेली मानहानी आपल्याला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मात्र खरी. हौसेचा तो जादा पैसा पडे तो फडाच्या पदरात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ती गाठीला बांधून ठेवावी.

दौलतजादेचा थोरला भाऊ म्हणजे राजाश्रय. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. प्रेक्षक राजाचे, नट राजाचे, दिवाबत्तीचे तेलही राजाचे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. भाव्यांची मंडळी बाहेर पडली आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकिटे लावून खेळ केले. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ चा धरतो, आणि तो तसाच धरावा. पण प्रेक्षक नावाचा जो प्राणी आज आपण ओळखतो त्याचा जन्म १८५३ चा. त्याआधी होते ते निमंत्रित. निमंत्रिताला नाटक पडले म्हणायची सोय नसते. ज्याने गाठीचे पैसे मोजले तोच शिट्टी मारू शकतो.

गाण्याच्या बाबतीत हेच पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी केले. कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेला संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवांकडे शिकला. पुढे आश्रय सोडून बाहेर पडला आणि दरबारात कोंडलेले गाणे त्याने चौकात आणले. अल्प दराची तिकिटे लावून जाहीर जलसे करायचे, असा त्याचा बाणा. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले त्याच्या पाठीशी हीच वृत्ती होती. बैठकीला बोलावणे यावे म्हणून कोणा सरदाराच्या ओटीवर ताटकळायचे आता कारण उरले नाही. खिडकीवर पैसे ठेवले की तुमची जात, तुमचा हुद्दा, तुमची शेतजमीन कोणी विचारत नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आजही नाही.

यावर कोणी म्हणेल की तिकिटातही वर्ग होतेच की! होते. पुढे कोच, मग खुर्ची, मग बाक, मग पिट. पिटात बसणाऱ्याला उकाडाही जास्त आणि ढेकूणही जास्त. परंतु पिटाचा दर पाटीवर लिहिलेला असे, आणि पाटीवरचा आकडा हे मंडळीचे वचन असे. चार आणे घेऊन येणाऱ्याला चार आण्यांची जागा. जुनी नटमंडळी आपल्या आठवणींत पिटाविषयी निराळ्याच सुरात बोलतात. कोचावरचा प्रेक्षक पदाला मान हलवी, पण वन्समोअर येई तो पिटातून. नाटक उचलले जाई ते तिथे आणि आपटले जाई तेही तिथेच.

आमच्या भागात ही गोष्ट तमाशाने जितकी स्पष्ट दाखवली तितकी नाटकाने नाही. तमाशाचे आजही दोन व्यवहार आहेत: सुपारीचा आणि तिकिटाचा. गावची जत्रा आली की पंचमंडळी वर्गणी गोळा करून नारायणगावला जातात. नारायणगाव पुणे जिल्ह्यात, पण आमच्या संगमनेर-अकोल्याला ते अंगणासारखे. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, पाट्या झळकतात, भाव होतात आणि सुपारी फुटते. सुपारीचा तमाशा सगळ्या गावाला फुकट. तिकिटाचा तमाशा म्हणजे फडमालकाने स्वतःच्या जोखमीवर तंबू ठोकायचा, कनात लावायची, पुढे खिडकी करायची आणि बोलेल ती बारी. कांताबाई सातारकर अनेक वर्षे आमच्या संगमनेरला राहिल्या आणि २०२१ च्या मे महिन्यात तिथेच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्यासारख्यांचे फड गावोगाव फिरले ते या दोन्ही व्यवहारांवर. सुपारीत फडाला खात्री असते. तिकिटात पाऊस आला की तंबू, ट्रक, बैठा खर्च सगळे अंगावर येते. असे असून जुने फडकरी तिकिटाच्या रात्रीबद्दल अभिमानाने बोलतात. सुपारीच्या रात्री गाव आलेले असते ते जत्रेला. तिकिटाच्या रात्री ते फडासाठी आलेले असते. कनातीखालून घुसणारी पोरे त्यात धरलेली नाहीत. त्या पोरांत मीही असे, आणि दारावरच्या माणसाची काठी पाठीवर बसण्याआधी गर्दीत मिसळण्याची कला ज्याने साधली तो पुढे शाळातपासणीला घाबरत नाही.

आता शंभर रुपयांच्या तिकिटाची गोष्ट. १९२१ च्या जुलैची ८ तारीख. मुंबईत ग्रँट रोडला बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' लागले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्या म्हणजे दोन आखाडेच. त्यांचे चाहते एकमेकांच्या घरी पाणी पीत होते हेच नवल. ते दोघे एका रंगमंचावर येणार आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार! वरचे तिकीट शंभर रुपयांचे होते. त्या काळी प्राथमिक शिक्षकाला शंभर रुपये पाहायला काही महिने पाट्या पुसाव्या लागत. तिकिटे भराभर संपली, आणि ती रात्र मराठी रंगभूमीची दंतकथा झाली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्यामुळे ज्यांनी ते पाहिले त्यांनी ते जन्मभर सांगितले.

शंभर रुपये हा दर भयंकर खरा, पण कोणी लुटलो गेलो असे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. का? एक तर तो आकडा उघडपणे पाटीवर होता. दुसरे, तो पैसा कोठे जाणार हे घेणाऱ्याला ठाऊक होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. तिकीट महाग असणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा निराळाच आहे.

याच जातीची एक गोष्ट अमेरिकेतली सांगण्यासारखी आहे. १८५० साली बार्नम नावाच्या नामांकित खेळवाल्याने स्वीडनची गायिका जेनी लिंड हिला न्यूयॉर्कला आणले. गर्दी उसळणार हे ओळखून त्याने सरळ तिकिटांचा लिलाव पुकारला. पहिले तिकीट जेनिन नावाच्या एका टोपीवाल्याने २२५ डॉलरना घेतले. गावभर त्याचे नाव झाले आणि त्याच्या टोप्या दणकून खपल्या. आमच्या फडात हा गृहस्थ आला असता तर सोंगाड्याने त्याच्या नावाची दौलतजादा पुकारून त्याला फेटा बांधला असता! पण इथेही जादा पैसा जलसेवाल्यांनाच मिळाला, खांबाआडच्याला नाही.

त्याच न्यूयॉर्कात सतरा-अठरा वर्षांनी डिकन्स आला. कादंबरीकार आपल्या कादंबऱ्या वाचून दाखवणार आणि लोक पैसे देऊन ऐकणार, ही कल्पनाच माझ्यासारख्याला गुदगुल्या करणारी आहे. तिकीट त्याने दोन डॉलरचे ठेवले होते, माणसांना परवडावे म्हणून. झाले असे की दलालांनी रांगेत भाडोत्री माणसे उभी केली. १८६८ च्या जानेवारीत ब्रुकलिनला हे लोक गाद्या, पाव, मांस आणि व्हिस्की घेऊन रात्रभर रस्त्यावर झोपले, आणि थंडी वाजते म्हणून लाकडी घरांच्या गल्लीत त्यांनी शेकोटी पेटवली. दोन डॉलरचे तिकीट मग बाहेर कैक पटींनी विकले गेले. व्यवस्थापक डॉल्बी बिचारा वर्तमानपत्रांच्या शिव्या खात फिरला. जो लिलाव करतो त्याचे नाव होते आणि जो दर गरिबाला परवडेल असा ठेवतो त्याच्या दारी दलाल बसतो, असा हा न्याय.

अर्थशास्त्राची परिभाषा मला येत नाही. पण आठवड्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्या माणसाला जे कळते ते मलाही कळते. हजार जागा, दहा हजार गिऱ्हाइके आणि दर मात्र सगळ्यांना परवडेल असा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मधल्या फटीत कोणीतरी बोट घालणारच. खांबाआडचा माणूस ती फट निर्माण करीत नाही; तो तीत राहतो. म्हणून त्याला पोलिसाने पकडून नेला तरी दुसऱ्या खेळाला दुसरा उभा असतो.

आपल्याकडे हा माणूस खऱ्या अर्थाने बहरला तो सिनेमाच्या दारात. त्याआधी सरकारही तिकिटात भागीदार झाले होते. १९२३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने करमणुकीवर कर बसला आणि तिकिटावर सरकारी शिक्का आला. हा कर २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा करात विरघळला, पण चौऱ्याण्णव वर्षे तो टिकला. त्यात मोठी गंमत अशी की सरकार हिस्सा घेई तो छापील दरावर. खांबाआडच्या वाढाव्यावर ना कराचा पैसा निघे, ना नटाचा, ना थिएटरचा. देशातला इतका शुद्ध नफा दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असे वाटत नाही.

१९६० साल या बाबतीत संस्मरणीय. ऑगस्टच्या ५ तारखेला मुंबईच्या मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' लागला. लोक दिवसचे दिवस रांगेत राहिले, घरून डबे आले, पोलीस बोलवावे लागले, असे सांगतात. आणि त्याच वर्षी विजय आनंदांचा 'काला बाजार' आला. त्यात देव आनंद झाला होता नोकरी गेलेला बस कंडक्टर. पोटासाठी तो सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकतो. गोड चेहऱ्याचा नायक हा धंदा करतो आणि प्रेक्षक त्याच्यावर लोभ करतात! यातले काही प्रेक्षक ते चित्र पाहायला जास्तीचे पैसे देऊन आत आले असतील, या विचाराने मला नेहमी हसू येते.

पण त्या लोभात काही खरेही आहे. 'माहेरची साडी' १९९१ साली आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. गावोगावच्या बायका टेम्पो करून तालुक्याच्या ठिकाणी जात होत्या. आमच्या आत्याने वाडीतल्या नऊ बायका आणि आम्ही पाच पोरे गोळा केली आणि खांद्यावर पिशवी टाकून आम्ही निघालो. पोचलो तर टॉकीजवर हाउसफुल्लचा बोर्ड. परतीचा टेम्पो रात्रीचा ठरलेला. चहाच्या टपरीशी एक तरुण उभा होता. आत्या त्याच्यासमोर, बांगड्यांचा भाव करावा तशी, उभी राहिली.

"काय रं दादा, खिडकीवर पाच अन् इथं पंधरा? मधल्या दहा रुपयाचं अत्तर लावलं का काय तिकिटाला?"

तो ओशाळून हसला. म्हणाला, "मावशी, मी सकाळी सातपास्नं हुभा हाये."

"अन् आम्ही पहाटं चारला उठून भाकरी थापल्या त्याचं काय?"

शेवटी नऊ तिकिटे दहा दहा रुपयांना ठरली, पोरे मांडीवर. आत बायका जितक्या रडल्या तितकी मी माणसे एका वेळी रडताना नंतर कधी पाहिली नाहीत. मध्यंतरात आत्याने डोळे पुसले आणि पुन्हा हिशेब काढला. पंचेचाळीस रुपये जास्त गेले होते. तेवढ्यात नऊजणी आणखी एकदा तोच सिनेमा पाहू शकल्या असत्या, आणि पाहिलाही असता.

त्या तरुणाचा मला आजही राग येत नाही. तो सातपासून उभा होता ही गोष्ट खरी असावी. राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा, जी मला मोठेपणी कळली. गठ्ठ्याने तिकिटे बाहेर जातात ती रांगेतून नव्हे, खिडकीच्या आतून जातात. रांगेत एका माणसाला चार मिळतात. चाळीस मिळतात ती मागच्या दाराने. पास, राखीव जागा, ओळखीच्यांसाठी बाजूला ठेवलेला गठ्ठा, हे सगळे जाऊन खिडकी उघडते तेव्हा तिच्यात किती उरलेले असते हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. खिडकीची फळी वर व्हायच्या आतच खेळ झालेला असतो.

आता अलीकडचे. २०२४ च्या २२ सप्टेंबरला, रविवारी दुपारी बारा वाजता, कोल्डप्ले या विलायती वाद्यवृंदाच्या जलशांची तिकिटे बुकमायशोवर विक्रीला आली. जलसे नव्या मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, २०२५ च्या जानेवारीत; आधी १८ आणि १९ तारखेचे, आणि गर्दी पाहून त्याच दिवशी तिसरा २१ चा जाहीर झाला. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. एक कोटीहून अधिक लोकांनी त्या एका खिडकीशी धडक दिली, असे विकणाऱ्यांनीच नंतर सांगितले. मराठा मंदिरची रांग आठवा आणि ती अदृश्य झाली आहे असे समजा. कोणी कोणाला ढकलत नाही, कोणाचा डबा कोणी खात नाही. फक्त पडद्यावर आपल्या पुढे किती लाख माणसे उभी आहेत तो आकडा दिसतो. थोड्याच वेळात सगळे संपले. आणि संपले म्हणेपर्यंत व्हायागोगोसारख्या पुनर्विक्रीच्या परदेशी बाजारांवर तीच तिकिटे कैक पटींनी, काही तर लाखांच्या घरात, मांडलेली दिसू लागली.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मांडलेली किंमत आणि आलेली किंमत यांत फरक असतो. लाखाचा आकडा वर्तमानपत्रात येतो तो मागणाऱ्याचा. देणारा किती वेळा सापडला ते कळत नाही. दुसरे, बुकमायशोचे म्हणणे होते की अधिकृत विक्री सुरू होण्याच्या आधीपासून काही ठिकाणी ही तिकिटे विकायला मांडलेली होती. जे तिकीट अजून निघालेच नाही ते विकायला कसे निघाले? आपल्याकडे याला फार जुने वचन आहे: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मांडणाऱ्याजवळ तिकीट नसतेच. तो तुमचे पैसे आधी घेतो आणि मग तिकीट शोधायला निघतो. सापडले तर तुमचे नशीब. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा, पुण्याला कारखान्यात लागलेला, दुसऱ्याच एका जलशाच्या वेळी असा पोळला. फाटकावर त्याच्या फोनवरचे तिकीट यंत्राने नाकारले, कारण त्याच तिकिटावर त्याच्या आधी कोणीतरी आत जाऊन बसला होता. गाणे त्याने भिंतीबाहेर उभे राहून ऐकले. "सर, आवाज मात्र चांगला येत होता," असे तो मला म्हणाला, आणि मला काय बोलावे ते सुचेना.

खांबाआडच्या जुन्या माणसाला निदान चेहरा होता. आत्या त्याला अत्तराचे विचारू शकली. कागदाचे तिकीट त्याने दिले ते एकच होते. एकाच तिकिटाच्या चार प्रती काढायची विद्या त्याला अवगत नव्हती. आजच्या खांबाआड माणूसच नाही. तिकिटे ओढणारी यंत्रे आहेत आणि विकणारा समुद्रापलीकडे आहे.

हे प्रकरण मुंबईत पोलिसांकडे गेले, आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावले, सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने ती निकालात काढली, कायदा करणे हे कायदेमंडळाचे काम आहे असे सांगून. मला हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्यच वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो. चेंडू आता ज्यांच्या अंगणात आहे त्यांना मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या तिकिटाची विवंचना अधिक.

इतर देशांनी हातपाय हलवले आहेत. इंग्लंडने १९९४ सालीच फुटबॉलच्या तिकिटांची परस्पर विक्री गुन्हा ठरवली. ती अर्थात दंग्यांच्या भीतीने, श्रोत्यांच्या कळवळ्याने नव्हे. अमेरिकेने २०१६ मध्ये तिकिटे ओढणाऱ्या यंत्रांविरुद्ध कायदा केला. जपानने २०१९ च्या जूनपासून चढ्या भावाच्या पुनर्विक्रीच्या धंद्यावर बंदी आणली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सरकारने छापील किमतीहून जास्त घेऊन तिकीट विकण्याला मनाई करण्याचा आपला इरादा जाहीर केला.

छापील किमतीने विकू द्यावे आणि जास्तीने विकू देऊ नये, ही मर्यादा मला शहाणपणाची वाटते. कारण तिकीट परत विकणे हे मुळात पाप नाही. घरात कोणी आजारी पडते, पाहुणे येतात, माणूस अडकतो. पुण्याला बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्यांवर "एक जास्तीचे आहे, घेता का?" म्हणून विचारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. वीस रुपये सुटे नाहीत म्हणून ते सोडून देणारेही पाहिले. तो व्यवहार आणि खांबाआडचा व्यवहार यांत फरक एवढाच की एकाला खेळ चुकल्याची हळहळ असते आणि दुसऱ्याला खेळ कोणता हेही ठाऊक नसते.

पुण्याचाच आणखी एक दाखला. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव. तिथे खुर्च्या आहेत, सोफे आहेत, त्यांचे दरही तसेच आहेत. पण त्यांच्या बरोबरीने भारतीय बैठक आहे, म्हणजे आपली सतरंजी आणि आपली मांडी. तिचा दर साध्या माणसाला झेपेल असा. नगरहून एस.टी.ने सव्वाशे किलोमीटरच्या आत पुणे गाठावे, पाठीशी शाल आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन बसावे. माझ्या शेजारी एकदा शिरूरचा एक शिंपी होता, त्याला मारव्यातला रिषभ माझ्याहून पुष्कळ आधी कळला. असा माणूस मंडपात असल्याने गायकाचे काय होते ते गायकच सांगू जाणोत, पण मंडपाचे काय होते ते मी पाहिले आहे. दाद बैठकीतून उठते आणि खुर्च्यांपर्यंत जाते; उलटी गेलेली मी क्वचितच पाहिली. हा माणूस जर दलालाच्या भावाने बाहेर राहिला तर त्याच्या जागी पैसेवाला येईल, जागा रिकामी राहणार नाही, हिशेबही चुकणार नाही. फक्त दौलतजादेचे युग परत आलेले असेल, आणि तेही अर्धेच. मिशीला पीळ तोच, पण नोट नाचणारीच्या हाती न पडता कनातीमागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच कोणाच्या खिशात गेलेली.

कोल्डप्लेवाल्यांनी स्वतः एक तोड काढली होती, तीही इथे सांगितली पाहिजे. २०२४ च्या २२ नोव्हेंबरला त्यांनी मुंबईच्या जलशांसाठी थोडी तिकिटे दोन दोन हजारांना विकली, जोडीनेच घ्यायची अशा अटीवर. जागा कोणती ते मात्र सांगितले नाही. ती कळणार तिकीट हातात पडताना. अगदी पुढची असेल, नाहीतर उंचावरच्या शेवटच्या ओळीतली. ज्याला स्वतःलाच आपण कोठे बसणार ते माहीत नाही तो ती जागा दुसऱ्याला कोणत्या भावाने विकणार? दलालाला भाव करण्यासाठी निदान जागेचा नंबर तरी लागतो. तमाशाच्या तंबूत हे फार वर्षे चालत आले आहे: खिडकीवर पैसे द्यायचे, कनातीच्या आत शिरायचे आणि जिथे ढोलकी दिसेल तिथे उपरणे टाकून जागा धरायची.